रायफलच्या पुंगळीची पुनर्भरणपूर्व तयारी

रायफलच्या काडतुसाची एकदा झाडलेली पितळी पुंगळी पुन्हा टोपी, दारू व गोळी बसवण्याजोगी करण्याच्या प्रक्रियेस पुनर्भरणपूर्व तयारी म्हणतात. पुंगळी गोळा करणे, तपासणे, स्वच्छ करणे, साच्यातून काढून मूळ मापावर आणणे, वाढलेली लांबी छाटणे, टोपीचा खळगा साफ करणे आणि गरजेनुसार मान तापवून मऊ करणे ही कामे तिच्यात येतात. प्रत्यक्ष दारू मोजून भरणे व गोळी बसवणे हा पुढचा टप्पा असून त्याचा समावेश या प्रक्रियेत होत नाही. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि युरोपातील अनेक देशांत नेमबाज व परवानाधारक शिकारी हे काम घरच्या घरी करतात. काडतुसाच्या चार घटकांपैकी पुंगळी सर्वांत महाग असते आणि पुन्हा वापरता येणारा घटकही तेवढाच असल्याने या छंदामागे काटकसरीचे कारण आहेच. त्याखेरीज, स्वतःच्या रायफलच्या मापाला जुळवून घेतलेली पुंगळी अधिक अचूक नेम देते, असा नेमबाजांचा अनुभव आहे.

वरवर पाहता हे भांडी घासण्यासारखे काम वाटते. प्रत्यक्षात चकाकीला त्यात दुय्यम महत्त्व आहे. प्रत्येक बाराबरोबर पुंगळीचे पितळ थोडे ताणले जाते व थोडे कडक होते. हा ताण कोठे साठला आहे हे बहुधा बाहेरून दिसत नाही. तो शोधून काढणे आणि दोषी पुंगळी वेळीच बाद करणे हा या तयारीचा गाभा होय.

पुंगळीचे कार्य व रचना

पुंगळीच्या तळाच्या जाड भागास बूड म्हणतात. बुडाच्या मध्यभागी टोपीसाठी (प्रायमरसाठी) खळगा असतो आणि त्याच्या तळाशी ज्वाळा आत जाण्यासाठी छिद्र असते. बुडाच्या वर दारू सामावणारे धड, त्यावर निमुळता खांदा आणि शेवटी गोळी पकडून ठेवणारी मान असते. धडाची भिंत बुडापाशी जाड व मानेकडे पातळ होत जाते. धातूचा कडकपणाही सर्वत्र सारखा नसतो. बूड सर्वांत कडक, तर मान मऊ ठेवलेली असते.

बार उडताच आतील वायूच्या दाबाने पुंगळी फुगते आणि रायफलच्या चेंबरच्या भिंतीला घट्ट चिकटते. त्यामुळे वायू मागे, म्हणजे नेमबाजाच्या चेहऱ्याकडे, निसटत नाही. दाब उतरताच पितळ किंचित आक्रसते व पुंगळी सहज बाहेर निघते. या क्षणी दाब किती असतो याची कल्पना एका तुलनेवरून येईल. मोटारीच्या टायरमध्ये दर चौरस इंचाला ३० ते ३५ पौंड दाब असतो. .३०८ विंचेस्टर या काडतुसासाठी अमेरिकन उत्पादकांच्या प्रमाणन संस्थेने ठरवलेली कमाल मर्यादा दर चौरस इंचाला ६२,००० पौंड आहे. तो दाब पेलणारी खरी भिंत रायफलच्या पोलादाची असते. पुंगळी केवळ सांधा बंद करते, पण तो सांधा फुटला तर पोलादाची ताकद नेमबाजाच्या डोळ्यांचे रक्षण करू शकेलच असे नाही.

या कामासाठी सुमारे ७० टक्के तांबे व ३० टक्के जस्त असलेले पितळ वापरतात. हे मिश्रण इतके लवचिक असते की जाड चकतीपासून ओढत ओढत खोल नळी बनवता येते. ते ठोकल्याने किंवा ओढल्याने कडक होते आणि तापवल्यावर पुन्हा मऊ पडते. पुण्याच्या तांबट आळीत तांब्याचे भांडे घडवताना कारागीर ते मधून मधून भट्टीत तापवतात, त्यामागे हाच गुण आहे. न तापवता ठोकत राहिल्यास पत्रा तडकतो. पुंगळीच्या बाबतीत हातोड्याची जागा बाराचा दाब आणि मापाचा साचा घेतात.

पोलादी व ॲल्युमिनियमच्या पुंगळ्याही बाजारात असतात. त्या पितळासारख्या पुन्हा पुन्हा घडवून घेता येत नसल्याने पुनर्भरणाच्या दृष्टीने टाकाऊ समजल्या जातात.

इतिहास

मराठी वाचकाला काडतूस हा शब्द १८५७ च्या उठावामुळे परिचित आहे. एनफिल्ड रायफलचे ते काडतूस म्हणजे चरबी लावलेल्या कागदाची गुंडाळी होती. ते दातांनी फाडून दारू नळीत ओतायची असे. बार झाल्यावर पुन्हा वापरण्याजोगे काहीच उरत नसे. त्यानंतर दशकभरातच धातूच्या पुंगळीने कागदाची जागा घेतली.

१८६६ च्या सुमारास दोन लष्करी अधिकाऱ्यांनी टोपी बसवण्याच्या दोन वेगळ्या पद्धती काढल्या. इंग्लंडमधील एडवर्ड बॉक्सर यांच्या रचनेत टोपी ज्यावर आपटते ती ऐरण टोपीतच असते आणि पुंगळीला मध्यभागी एकच छिद्र असते. अमेरिकेतील हायरम बर्डन यांच्या रचनेत ऐरण पुंगळीच्या खळग्यातच घडवलेली असते आणि तिच्या बाजूंना सहसा दोन बारीक छिद्रे असतात. गंमत अशी की इंग्रजाची पद्धत अमेरिकेत रुजली आणि अमेरिकनाची युरोपात. या फरकाने पुनर्भरणाचा भूगोलच ठरवला. बॉक्सर पुंगळीतून जुनी टोपी काढायला मधल्या छिद्रातून एक सरळ सळई ढकलली की पुरते. बर्डन पुंगळीत मधोमध ऐरण आडवी येते, म्हणून टोपी आकड्याने उपसून किंवा पाण्याच्या दाबाने काढावी लागते. अमेरिकेत हा छंद घरोघरी पोहोचला याचे एक कारण हे आहे.

बॉक्सर यांच्या नावाची सुरुवातीची ब्रिटिश पुंगळी मात्र आजच्यासारखी एकसंध नव्हती. ती पितळी पत्र्याची गुंडाळी होती. मार्टिनी-हेन्री रायफलमध्ये ती तापल्यावर अडकून फाटत असे. जानेवारी १८८५ मध्ये सुदानमधील अबू क्लीच्या लढाईत रायफली अडकल्याची मोठी चर्चा झाली. पुढे पत्र्याच्या गुंडाळीऐवजी एकसंध ओढलेली पुंगळी सर्वत्र आली आणि पुनर्भरणालाही खरा पाया मिळाला.

अमेरिकेच्या पश्चिमेकडील गवताळ प्रदेशात १८७० च्या दशकात रानगव्यांची शिकार करणारे शिकारी कारखान्यापासून शेकडो मैल दूर असत. ते दारूचे पिंप, शिशाच्या विटा व टोप्यांचे डबे बरोबर नेत आणि रात्री तळावर पुंगळ्या भरत. त्या काळी दारू काळी होती. तिच्या राखेने पितळ गंजे, म्हणून वापरलेली पुंगळी लगेच पाण्यात धुऊन वाळवावी लागे. १८८४ मध्ये जॉन बार्लो यांनी आयडियल नावाची कंपनी काढून सांडशीसारखे हाताचे अवजार विकायला सुरुवात केली. १९४३ मध्ये कॅलिफोर्नियातील ओरोव्हिल येथे फ्रेड हंटिंग्टन यांनी आर.सी.बी.एस. ही कंपनी स्थापली. दुसऱ्या महायुद्धानंतर टेबलाला बसवायचे दाबयंत्र छंदिष्टांच्या घरी रूढ झाले, त्यात या कंपनीचा मोठा वाटा आहे.

निर्धूर दारू आल्यावर पितळावर एक अनपेक्षित संकट आले. त्या वेळच्या टोप्यांत पाऱ्याचे एक स्फोटक संयुग असे. काळ्या दारूच्या भरपूर काजळीत पारा मिसळून जाई, पण निर्धूर दारूत काजळीच नव्हती. मोकळा पारा पितळात शिरून त्याला ठिसूळ करू लागला. अशी पुंगळी दिसायला निर्दोष असूनही पुढच्या बाराला फुटे. पुढे पारारहित टोप्या आल्या, पण त्यांतील क्षारांनी नळीला गंज चढे. १९२० च्या दशकात शिशाच्या संयुगावर आधारलेल्या न गंजवणाऱ्या टोप्या निघाल्या आणि हा प्रश्न मिटला. संग्राहकांकडील फार जुन्या काडतुसांच्या पुंगळ्या पुन्हा भरू नयेत असे सांगतात, त्याचे मूळ या पाऱ्यात आहे.

निवड व पहिली तपासणी

मैदानावर वेचलेल्या पुंगळ्यांचा पूर्वेतिहास ठाऊक नसतो. म्हणून प्रथम बुडावरील ठसे पाहून त्या वेगळ्या केल्या जातात. ठशात काडतुसाचे नाव किंवा कारखान्याची खूण व लष्करी मालावर वर्ष असते. वर्तुळातील अधिक-चिन्ह ही उत्तर अटलांटिक कराराच्या प्रमाणाची खूण होय. मिसुरी राज्यातील लेक सिटी कारखान्याची 'एल.सी.' ही अक्षरे अमेरिकन छंदिष्टांना विशेष परिचित आहेत.

ही वर्गवारी केवळ शिस्तीसाठी नसते. लष्करी पुंगळीची भिंत अनेकदा जाड असते. बाहेरचे माप तेच राहिल्याने आतली पोकळी कमी होते आणि तेवढ्याच दारूने अधिक दाब निर्माण होतो. निरनिराळ्या कारखान्यांच्या पुंगळ्या एकत्र मिसळणाऱ्याचा नेम तर बिघडतोच, शिवाय त्याची सुरक्षिततेची मर्यादाही अनिश्चित होते. मशीनगनमधून झाडलेल्या पुंगळ्यांची आणखी एक अडचण आहे. त्या शस्त्राचे चेंबर मुद्दाम सैल ठेवलेले असल्याने पितळ जास्त ताणलेले असते.

पहिल्याच नजरेत बाद होणाऱ्या पुंगळ्यांत मानेला उभी चीर गेलेल्या, खांदा फाटलेल्या, खोल पोचे पडलेल्या, हिरवा गंज चढून खड्डे पडलेल्या आणि टोपीभोवती काळा धूर निसटल्याची खूण असलेल्या पुंगळ्या येतात. मानेची चीर सर्वांत जास्त आढळते व तुलनेने कमी धोक्याची असते, कारण त्या वेळी मान चेंबरच्या आत बंदिस्त असते. खरा धोका बुडाकडे असतो.

बुडाजवळील अदृश्य चीर

बार उडताना धडाचा पुढचा पातळ भाग चेंबरला चिकटून जागीच थांबतो, तर जाड बूड मागे ढकलले जाऊन बोल्टवर टेकते. बूड व बोल्ट यांत जेवढी फट असेल तेवढी मधली भिंत लांब होते. हा ताण बुडापासून साधारण एक सेंटिमीटर वर, जाड तळ संपून पातळ भिंत सुरू होते तेथे केंद्रित होतो. पुढे साच्याने पुंगळी पुन्हा आखूड केली की पुढच्या बाराला तीच जागा पुन्हा ताणली जाते. काही फेऱ्यांनंतर आतून एक घळ पडते आणि एखाद्या बाराला पुंगळीचे दोन तुकडे होतात. बूड बाहेर येते, धड चेंबरातच अडकून राहते आणि उष्ण वायू मागे उसळतो.

बाहेरून याची खूण म्हणजे धडावर उमटलेले चकचकीत वलय. पण सुरुवातीला ते दिसत नाही आणि साच्याने उमटवलेल्या निरुपद्रवी रेघेशी त्याची गल्लत होते. म्हणून जुनेजाणते पुनर्भरक एक साधे साधन वापरतात. कागदाला लावायची क्लिप सरळ करून तिचे टोक काटकोनात वाकवतात, टोकाला धार देतात व ते पुंगळीच्या आतल्या भिंतीवरून बुडाकडून वर ओढतात. घळ असेल तर टोक तेथे अडखळते. शंका राहिल्यास एक पुंगळी करवतीने उभी कापून पाहतात. त्या गठ्ठ्यातील एकीत घळ निघाली तर तेवढ्याच वेळा वापरलेल्या साऱ्याच बाद करणे शहाणपणाचे ठरते.

.३०३ ब्रिटिश हे काडतूस याचे ठळक उदाहरण आहे. इशापूरच्या कारखान्यात बनलेल्या आणि भारतीय पोलिसांच्या खांद्यावर अनेक दशके दिसलेल्या ली-एनफिल्ड रायफलींत ते वापरले जाते. रणांगणातील चिखलमातीतही काडतूस आत जावे म्हणून या रायफलींचे चेंबर ऐसपैस ठेवलेले असे. शिवाय हे काडतूस खांद्यावर न टेकता बुडाच्या कडेवर टेकते. परिणामी पुंगळी पहिल्याच बाराला बरीच ताणली जाते. मूळ उद्देश झाडून फेकून देण्याचा असल्याने लष्कराला त्याची फिकीर नव्हती. आज हीच रायफल हौसेने वापरणारा नेमबाज मात्र साचा असा लावतो, की पुंगळीचा खांदा तिने चेंबरमध्ये घेतलेल्या आकाराच्या जवळच राहील.

सफाई

धुळीचा एखादा कणही साच्याच्या गुळगुळीत आतील भिंतीवर कायमचा ओरखडा पाडतो आणि मग प्रत्येक पुंगळीवर तो उमटत राहतो. सफाईचे पहिले प्रयोजन हे आहे. रूढ पद्धतीत मक्याच्या कणसाचा भुगा किंवा अक्रोडाच्या कवचाचा चुरा भरलेल्या थरथरणाऱ्या पात्रात पुंगळ्या काही तास फिरवतात. ओल्या पद्धतीत पाणी, साबण व स्टीलच्या बारीक सळया यांसह त्या फिरत्या पिंपात घालतात. तिने खळगेही उजळतात, पण नंतर पूर्ण वाळवणे आवश्यक असते. ध्वनिलहरींनी साफ करणारी यंत्रेही वापरात आहेत.

पितळेची भांडी चिंचेने लखलखतात हे मराठी घरात सांगावे लागत नाही. ओल्या सफाईच्या पाण्यात थोडे सायट्रिक आम्ल घालतात ते याच तत्त्वावर. आम्ल तीव्र झाले किंवा पुंगळ्या फार वेळ त्यात राहिल्या तर पृष्ठभागातील जस्त निघून जाते आणि पितळावर गुलाबी झाक येते. अशी झाक धातू दुबळा होत असल्याची सूचना असते.

अमोनिया असलेले पॉलिश मात्र पूर्णपणे वर्ज्य आहे. या नियमामागील इतिहास भारतातला आहे. ब्रिटिश काळात पावसाळ्यात घोड्यांच्या तबेल्यांत साठवलेली काडतुसे नंतर बाहेर काढल्यावर त्यांच्या पुंगळ्या आपोआप तडकलेल्या आढळत. एका ठरावीक ऋतूत घडणारा प्रकार म्हणून त्याला 'सीझन क्रॅकिंग' असे नाव पडले. १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल व मॅलिन्सन या संशोधकांनी त्याचा उलगडा केला. घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया, पावसाळी ओलावा आणि पुंगळी ओढताना पितळात राहून गेलेला ताण या तिन्हींच्या एकत्र येण्याने धातू तडकत होता. त्यांपैकी एकही घटक नसला तर चीर पडत नाही. कारखान्यात पुंगळी हलकी तापवून आतला ताण मोकळा करणे हा त्यावरचा उपाय ठरला. धातुविज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांत ताण व गंज यांच्या संयुक्त परिणामाचे हे उदाहरण आजही दिले जाते.

मापावर आणणे

फुगलेली पुंगळी दाबयंत्राने पोलादी साच्यात ढकलली की ती मूळ मापाला येते. त्याच हालचालीत साच्यातील सळई जुनी टोपी बाहेर पाडते. जिवंत, म्हणजे न उडालेली, टोपी अशी पाडणे धोक्याचे असते. पिस्तुलाच्या सरळ पुंगळ्यांसाठी कार्बाइडचे साचे मिळतात व त्यांना वंगण लागत नाही. रायफलच्या खांदा असलेल्या पुंगळीला मात्र वंगण लागतेच. ते कमी पडले तर पुंगळी साच्यात इतकी घट्ट रुतते की बुडाला भोक पाडून, आटे पाडून ती उपसावी लागते. वंगण जास्त झाले तर ते खांद्यावर साठून पितळात पोचे पाडते. त्यामुळे हलक्या हाताने, बोटांच्या चिमटीत चोळलेला लॅनोलिनयुक्त थर पसंत केला जातो आणि काम झाल्यावर तो पुसून टाकतात.

साचा किती खोल लावायचा हा या टप्प्यातील कळीचा निर्णय आहे. खांदा गरजेपेक्षा मागे ढकलला की बुडापाशी वर वर्णिलेली फट वाढते आणि पुंगळीचे आयुष्य घटते. बोल्टच्या रायफलीत झाडलेल्या पुंगळीच्या मापापेक्षा खांदा एक ते दोन सहस्रांश इंच, म्हणजे जास्तीत जास्त ०.०५ मि.मी., मागे सरकवणे पुरेसे मानतात. स्वयंचलित भरणीच्या रायफलीत काडतूस विनाअडथळा आत जावे म्हणून थोडी अधिक मोकळीक ठेवतात. साच्याबरोबर येणाऱ्या पत्रकात तो सरसकट टेकवून लावण्याची सूचना असते. ती कोणत्याही रायफलीत चालावी म्हणून दिलेली असते. एकाच रायफलसाठी काम करणाऱ्याने मापक घेऊन मोजणे केव्हाही चांगले.

लांबी छाटणे

साच्यात दाबलेले पितळ मानेच्या दिशेने वाहते, म्हणून पुंगळी हळूहळू लांब होत जाते. .३०८ विंचेस्टरची कमाल लांबी २.०१५ इंच (५१.१८ मि.मी.) असून ती छाटून २.००५ इंचांवर (५०.९३ मि.मी.) आणतात. .३०-०६ स्प्रिंगफील्डसाठी हेच आकडे २.४९४ व २.४८४ इंच आहेत. मर्यादा ओलांडलेल्या पुंगळीचे तोंड चेंबरच्या पुढच्या निमुळत्या भागात घुसून गोळीवर आवळले जाते. गोळी सुटायला जागा न मिळाल्याने दाब एकदम चढतो. बाहेरून मात्र अशा काडतुसात काहीच वावगे दिसत नाही. त्यामुळे मापावर आणल्यावर प्रत्येक पुंगळी व्हर्नियर कॅलिपरने मोजण्याचा प्रघात आहे.

छाटल्यावर तोंडावर धातूची बारीक कुसळे राहतात. ती आतून-बाहेरून हलकेच तासतात. आतली कड जास्त तासून सुरीसारखी धारदार केल्यास तीच जागा पुढे लवकर फाटते.

टोपीचा खळगा

खळग्यातील काजळी खरवडून काढली नाही तर नवी टोपी पूर्ण आत बसत नाही. ती बुडाच्या पातळीपेक्षा साधारण तीन ते पाच सहस्रांश इंच आत असावी लागते. वर राहिलेली टोपी बोल्ट बंद होतानाच उडू शकते. एम-१ गॅरंडसारख्या रायफलीत घोड्याची सुई मोकळी असते व बोल्टबरोबर पुढे आपटते, म्हणून तेथे हा धोका अधिक.

लष्करी पुंगळ्यांत टोपी सुटू नये म्हणून खळग्याची कड ठोकून आत वळवलेली असते. जुनी टोपी निघाल्यावर ही वळलेली कड दाबून सपाट करावी किंवा तासून काढावी लागते. हे काम एका पुंगळीच्या आयुष्यात एकदाच करावे लागते. याउलट नवी टोपी अंगठ्याच्या हलक्या दाबानेच आत सरकत असेल तर खळगा सैल झालेला असतो. कधीतरी दाब मर्यादेपलीकडे गेल्याने बूडच फुगल्याची ती खूण होय. त्यावर दुरुस्ती नाही.

अनुशीतन

काही फेऱ्यांनंतर मान कडक होऊन गोळीवर सारखी पकड ठेवत नाही आणि पुढे चिरते. ती तापवून मऊ करण्याच्या क्रियेस अनुशीतन म्हणतात. ज्योत किंवा विद्युतप्रवर्तनाच्या यंत्राने मान व खांदा काही सेकंदच सुमारे ४०० अंश सेल्सियसपर्यंत तापवतात. तापमान कळण्यासाठी रंग बदलणारा लेप वापरतात. जुन्या पद्धतीत पुंगळ्या पसरट ताटलीतील पाण्यात उभ्या करून ज्योत फिरवत व तापलेली पुंगळी पाण्यात आडवी पाडत. येथे पाण्याचे काम उष्णता बुडाकडे जाऊ न देणे एवढेच. पोलाद पाण्यात बुडवल्याने कडक होते, तसे पितळ होत नाही.

बूड तापणे हा या टप्प्यातील अक्षम्य दोष आहे. मऊ झालेले बूड दाब पेलू शकत नाही आणि तापवून किंवा थंड करून पितळाला कडकपणा परत देता येत नाही. तो केवळ ठोकून किंवा ओढून येतो व घरी ते शक्य नसते. एरवी निर्दोष पुंगळी अशा रीतीने अडाणी उत्साहाने धोकादायक बनते. लष्करी व काही व्यापारी पुंगळ्यांच्या मानेवर दिसणारी निळसर-तपकिरी छटा ही कारखान्यातील अनुशीतनाची खूण असून तो डाग नव्हे.

नोंदी व बाद करणे

एका गठ्ठ्यातील पुंगळ्या एकत्र ठेवून त्या किती वेळा झाडल्या, कधी छाटल्या व कधी तापवल्या याची नोंद डब्यावर करतात. आयुष्याचा ठरावीक आकडा सांगता येत नाही. जोरकस भरणी व ऐसपैस चेंबर असेल तर चार-पाच वेळांत पुंगळी संपते. सौम्य भरणी व मोजून लावलेला साचा असेल तर वीसपेक्षा अधिक वेळा ती चालते. बाद पुंगळीचे तोंड पक्कडीने चेपून मगच ती मोडीत टाकतात, म्हणजे ती चुकून पुन्हा चांगल्यांत मिसळत नाही. मोडीचे पितळ वितळवून पूर्णपणे वापरता येते.

आरोग्य

आधुनिक टोप्यांच्या राखेत शिसे असते. सुक्या सफाईच्या भुग्यात ते साठते आणि चाळताना धुळीबरोबर श्वासात जाते. म्हणून हे काम खेळत्या हवेत, मुखपट्टी लावून, मुलांपासून दूर करावे, स्वयंपाकाची भांडी व ओटा वापरू नये आणि नंतर हात स्वच्छ धुवावेत, अशी शिफारस असते. ओल्या सफाईत धूळ उडत नाही, पण शिसे पाण्यात उतरते.

कायदेशीर स्थिती

अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी पुनर्भरण करण्यास संघीय परवाना लागत नाही. विक्रीसाठी काडतुसे भरणाऱ्यास तो लागतो. ब्रिटनमध्ये २००६ च्या कायद्याने टोप्यांच्या विक्रीवर निर्बंध आणले.

भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ मधील दारूगोळ्याच्या व्याख्येत दारूगोळ्याचे सुटे भाग व तो बनवण्याची यंत्रसामग्रीही येते आणि कलम ५ नुसार दारूगोळ्याच्या निर्मितीस परवाना आवश्यक आहे. त्यामुळे पाश्चात्त्य देशांतील घरगुती छंदाचे स्वरूप येथे या कामाला नाही. रायफलची काडतुसे प्रामुख्याने सरकारी कारखान्यांत बनतात. महाराष्ट्रात १८६९ मध्ये सुरू झालेला खडकीचा दारूगोळा कारखाना आणि जळगाव जिल्ह्यातील वरणगावचा कारखाना ही त्याची उदाहरणे होत.

महाराष्ट्राला कीर्ती मिळवून देणाऱ्या नेमबाजीच्या प्रकारांशी पुनर्भरणाचा संबंध येत नाही. तेजस्विनी सावंत यांचे २०१० चे जागतिक विजेतेपद आणि स्वप्नील कुसाळे यांचे २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधील कांस्यपदक ही दोन्ही ५० मीटर रायफलची आहेत. त्या प्रकारातील .२२ काडतुसात वेगळी टोपीच नसते. स्फोटक मिश्रण पुंगळीच्या पोकळ कडेत भरलेले असते आणि सुई त्या कडेवर आपटून ती चेपते. चेपलेली कड पुन्हा भरण्याची व्यवहार्य पद्धत नसल्याने या पुंगळ्या एका बारानंतर थेट मोडीत जातात.